रंगीत पट्ट्यांत आपला हक्क शोधू नका

आंजर्ल्यात आमच्या वाडीतल्या एका तरुणाने परवा मोबाइलवर डीएनएचा रंगीत तक्ता दाखवला. "दादा, बघा, आपला रंग वेगळा, त्यांचा वेगळा. आपण मूलनिवासी, ते परके. आता सायन्सनेच सिद्ध केलं!" त्याची तळमळ खरी आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

असे तक्ते 'स्ट्रक्चर'सारख्या प्रोग्रामने काढतात. प्रिचर्ड, स्टीफन्स आणि डोनेली यांनी ही पद्धत २००० साली मांडली. त्यात गट किती धरायचे, हा आकडा संशोधक स्वतः देतो. तीन दिला की तीन रंग, पाच दिला की पाच. नमुने कोणाचे घेतले यावरही रंग बदलतात. २००२ साली जगभरातल्या ५२ समाजांचा असा अभ्यास झाला. पाच गट धरले तेव्हा ते साधारण भूखंडांप्रमाणे पडले. सहावा धरताच पाकिस्तानातल्या कलाश या छोट्या समाजाला स्वतंत्र रंग मिळाला. म्हणून कलाश हा जगातला सहावा वंश ठरतो का? नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपसातच लग्ने होत राहिली की छोटा समाज जनुकांत वेगळा दिसू लागतो.

आता आपल्या देशाकडे या. २००९ आणि २०१३ च्या अभ्यासांनुसार भारतातले जवळपास सगळे समाज दोन प्राचीन प्रवाहांच्या मिश्रणातून आले. प्रमाण कमीजास्त आहे, उच्च म्हणवणाऱ्या जातींत उत्तरेकडच्या प्रवाहाचा वाटा सरासरीने जास्त आहे. हे लपवण्याचे कारण नाही. पण मिश्रण सर्वांत आहे. ते सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाले आणि नंतर जातीबाहेरची लग्ने थांबत गेली.

शेजारच्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे ज्यांचे मूळ गाव, त्या बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात हेच सांगितले होते: जातीचा गाभा म्हणजे जातीतच लग्न. पुढे १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी नाकाच्या मापांचे आकडे तपासून वंशभेदाचा सिद्धांत खोडून काढला. आणि आपण पुन्हा नाके मोजायला बसायचे?

मित्रांनो, हक्क रक्तावर उभा केला, तर उद्या कोणी दुसरा तक्ता दाखवून तो काढूनही घेईल. आपला हक्क माणूसपणावर आणि संविधानावर उभा आहे. जनुकांनी दाखवलेली ती बंद दारे कशी उघडायची, हा खरा प्रश्न. १९३६ सालीच बाबासाहेबांनी त्यावरचा उपाय सांगितला: आंतरजातीय विवाह. त्याची सुरुवात आपल्या घरातून, पोटजातींपासून करायची तयारी आहे का?

जय भीम!