वावराचा भाव आणि बहिणीची सही

पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून या सदराच्या पत्त्यावर येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. पत्र इंदूरचे असो, भोपाळचे असो वा जबलपूरचे. अक्षर निराळे, मजकूर एकच. "तिगावास आमचे वडिलोपार्जित वावर आहे. आता त्यास काय भाव यावा?" मी उलट टपाली प्रतिप्रश्न करतो, "बी-१ वर नाव कोणाचे आहे?" बहुतेकांचा पत्रव्यवहार तेथेच थांबतो. ज्यांचे उत्तर येते, त्यांपैकी निम्म्यांच्या उत्तरात आजोबांचे नाव असते. आणि आजोबा जाऊन दोन पिढ्या उलटलेल्या असतात.

महाराष्ट्रातील आप्तांच्या तोंडी ऐकलेला 'सातबारा' हा शब्द आमच्या अनेक वाचकांच्या मनात घट्ट बसलेला आहे. आमच्याकडे सातबारा नाही. खसरा, खतौनी आणि बी-१ हे येथील कागद. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सौंसरचा हा मराठी मुलूख छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून आम्ही वावर मराठीत पेरतो आणि हिंदीत नोंदवतो. घरगुती वाटणीची चिठ्ठी मराठीत, तिच्यावर पाच पंचांच्या सह्या. पण ती पेटीत पडून राहते आणि पटवाऱ्याच्या दप्तरात तिची गंधवार्ताही नसते. तीस-तीस वर्षे भाऊ आपापल्या धुऱ्याप्रमाणे वाहितात, कोणाचे काही अडत नाही. अडते ते विकावयास निघाल्यावर.

प्रथम भावाविषयी बोलतो, कारण वाचकांचा जीव तेथे अडकलेला असणार. जिल्ह्याची घोषणा ऑगस्ट २०२३ मध्ये झाली आणि ऑक्टोबरात जिल्हा अस्तित्वात आला. छिंदवाड्याची वारी चुकली, ही सोय खरी आणि मोठी. परंतु त्या दोन महिन्यांत चहाच्या टपरीवर जे भाव बोलले गेले, ते खरेदीखतावर उतरल्याचे मी फारसे पाहिलेले नाही. तिगावच्या एका वयोवृद्ध शेतकऱ्याला मी जिल्ह्याविषयी विचारले, तर तो म्हणाला, "जिल्हा झाला जी, पण माह्या विहिरीचं पाणी तेवढंच हाय." या एका वाक्यात बाजाराचे जेवढे ज्ञान आहे, तेवढे माझ्या वहीत नाही.

गिऱ्हाईक मात्र वाढले आहे, हे मान्य करावयास हवे. नागपूरहून येणारी मंडळी त्यांत पुष्कळ. नागपूर-इटारसी लोहमार्गावर तिगावचे स्वतःचे स्थानक आहे; नागपूर-बैतूल महामार्ग पांढुर्ण्यावरून जातो. परंतु आणखी एक कारण आहे व ते कायद्यात आहे. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यावयाची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. विदर्भापुरता तसा कायदा १९५८ चा आहे. मध्य प्रदेशात ही अट नाही. त्यामुळे ज्याच्या सात पिढ्यांत नांगर धरलेला नाही, असा नागपूरचा डॉक्टर वा कंत्राटदार सीमा ओलांडून येथे रीतसर भूमिस्वामी होऊ शकतो. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. आदिवासी भूमिस्वामीची जमीन बिगर-आदिवासीने घ्यावयाची तर जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते आणि अधिसूचित क्षेत्रांत तर असे हस्तांतरण होतच नाही. 'ते आम्ही पाहून घेऊ' असे सांगणारा दलाल भेटला, तर त्याच्या हातचा चहाही घेऊ नये.

आकडे मी येथे छापीत नाही. छापलेला भाव महिन्याभरात विकणाऱ्याचा हट्ट होतो. भाव कशाने बनतो, तेवढे सांगतो.

तो बनतो माती, पाणी आणि वाट यांनी, आणि या तिन्हींत खरेदीदार सर्वांत कमी पाहतो तो वाटेकडे. कागदावर पांधण असते. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी धुरे सरकवून तिची पायवाट केलेली असते. बंडी जाईल पण ट्रॅक्टर जाणार नाही, अशा वावराचा भाव मी कधीही चढा सांगत नाही. पांधण श्रावणात पाहावी, गुडघाभर चिखलात स्वतः चालून. विहीर पाहावी ती वैशाखात, मोटर किती तास चालते हे उभे राहून. भाद्रपदात तर सर्वच विहिरी श्रीमंत असतात. विहीर सामाईक असेल तर पाण्याची पाळी कोणाची किती दिवस आणि विजेची जोडणी कोणाच्या नावे, हे खरेदीखतात लिहून घ्यावे. तोंडी पाळी पहिल्या उन्हाळ्यापर्यंतच टिकते.

मातीचे असे, की कपाशीला जी भारी काळी जमीन गोड लागते ती संत्र्याला मानवत नाही. संत्र्याच्या मुळांशी पाणी तुंबता कामा नये. निचऱ्याची मध्यम जमीन त्याला हवी. या भागात संत्र्याच्या बागेचा सौदा झाडे मोजून बोलला जातो आणि फसगतीचे मूळ तेथेच आहे. चारशे झाडे म्हणजे चारशे काय? कलम लावल्यापासून पाच-सहा वर्षे बाग नुसती खाते. त्यानंतर देऊ लागते आणि नीट राखली तर पुष्कळ वर्षे देते. पण डिंक्या लागलेले, बुंध्याची साल तडकलेले झाड एखाद्या बहारात फळांनी असे लगडते, की नवख्याला ते सर्वांत चांगले वाटावे! जुनी माणसे म्हणतात, झाड जावयाचे झाले की भरभरून देते. म्हणून अंबिया बहाराची फळे पिवळी होत असताना बाग दाखवावयाची घाई ज्याला असते, त्याला मी म्हणतो, तोडा होऊ द्या, मग गिऱ्हाईक आणतो. काहींना राग येतो.

आता कागदाकडे वळतो. आमच्या कुटुंबांत सर्वाधिक अश्रू येथेच सांडतात.

वडील वारले की भाऊ तहसिलीत अर्ज देतात, नामांतरण होते आणि बी-१ वर तीन भावांची नावे चढतात. बहिणींची चढत नाहीत. कोणी लबाडीने वगळतो असेही नेहमी नसते. 'ताईला काय करायचे आहे वावर? तिचे तिकडे सर्व उत्तम आहे,' या प्रेमळ वाक्याने तिचा हिस्सा बुडतो. कायदा असे म्हणत नाही. भूमिस्वामीच्या मृत्यूनंतर त्याचा हक्क त्याच्या व्यक्तिगत कायद्याप्रमाणे वारसांकडे जातो, असे मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ सांगते; आणि हिंदू उत्तराधिकार कायद्याने वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी १९५६ पासूनच मुलाच्या बरोबरीची वारस आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत तिला जन्मतः समान हक्क मिळाला तो २००५ च्या दुरुस्तीने, ९ सप्टेंबरपासून. वडील त्या दिवशी हयात असावयास हवेत काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा यांच्या खटल्यात मिटविला : हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या व विक्री तेवढ्या अबाधित राहिल्या.

आणखी एक गैरसमज फार पसरलेला आहे. बी-१ वर नाव नाही म्हणजे हक्क नाही, असे लोक समजतात. नामांतरण ही शेतसारा कोणाकडून घ्यावा याची नोंद आहे; तिने मालकी निर्माणही होत नाही आणि नाहीशीही होत नाही. बहिणीने पटवाऱ्यासमोर 'मला काही नको' म्हटले, एवढ्याने तिचा हिस्सा सुटत नाही. त्यासाठी नोंदणीकृत हक्कत्याग-लेख लागतो. तो नसताना तीन भावांनी केलेली विक्री घेणाऱ्याच्या गळ्यात दहा वर्षांनीही अडकू शकते.

यामुळे विसार घेण्यापूर्वी मी बहिणींचे पत्ते मागतो. गेल्या काही वर्षांतील एक प्रसंग सांगतो. पाच एकरांचे वावर, तीन भाऊ, दोन बहिणी. नागपूरचे गिऱ्हाईक पैसे घेऊन तयार. मी म्हटले, दोघी बहिणींना बोलवा. थोरल्या भावाने मला ऐकविले, "त्यांना आजवर काही नको होते, तुम्ही कशाला त्यांच्या मनात भरवता?" तरी बोलावले. मोठी ताई आली, रकमेचा वाटा ठरवून घेतला आणि सहीस तयार झाली. धाकटीने मात्र पैसे नकोत म्हटले. तिला तिची एक एकर हवी होती, आणि तीही विहिरीत पाळीसह. तिच्या आईने त्या विहिरीच्या खोदाईत पाटल्या मोडल्या होत्या, हे तिला ठाऊक होते, भावांनाही होते. दोन दिवस ओसरीवर बोलणी चालली. विहिरीचे पाणी वाटले जाणार म्हटल्यावर नागपूरकरांनी सौदा सोडला. माझी दोन्हीकडची दलाली बुडाली. धाकटा भाऊ जाताना म्हणाला, "भाऊ, तुम्ही आमचे की तिचे?" तो आजही बाजारात भेटला की दुसरीकडे पाहतो.

त्या बाईंनी पुढे रीतसर वाटणी करून घेतली आणि आपली एकर जुन्या सालदाराच्या मुलाला बटईने दिली. त्यात तूर होते. फार नाही, पण तुरीचे पोते दरवर्षी तिच्या घरी जाते. भावांची चार एकर अजून विकली गेलेली नाही, आणि मला विचाराल तर बिघडलेले नाही.

प्लॉटविषयी थोडे. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात, हा हिशेब आता प्रत्येक पोराला पाठ आहे. रस्ते, नाल्या, मोकळी जागा यांत किती जाते हे कोणी पाठ करीत नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर जमिनीचे डायव्हर्शन पुष्कळ सोपे झाले. मालकाने स्वतः आकारणी करून रक्कम भरावी व सूचना द्यावी. पण डायव्हर्शन म्हणजे वसाहतीची परवानगी नव्हे. तिला कॉलनायझरची नोंदणी, आराखडा, विकासाची मंजुरी हे सर्व लागते. चुना टाकून आखलेले आणि नोटरीच्या कागदावर विकलेले प्लॉट घेऊन नंतर नळ-वीज मागत फिरणारी कुटुंबे मी रोज पाहतो. प्राप्तिकराचेही एक अंग आहे. पांढुर्ण्यासारख्या, म्हणजे दहा हजारांवर व एक लाखाच्या आत वस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून दोन किलोमीटरांपलीकडची शेतजमीन शेती म्हणून विकली, तर तिच्यावर भांडवली नफ्याचा कर बसत नाही. तिचे प्लॉट पाडले की ही सवलत हातची जाते. दर चौरस फुटाच्या मोहात हा आकडा वजा करावयाचे पुष्कळजण विसरतात.

कमी किमतीची रजिस्ट्री करून मुद्रांक वाचविण्याची जी रीत आहे, तिच्याविषयी माझे मत कडू आहे. मुद्रांक निदान गाइडलाइनच्या दराने तरी भरावाच लागतो, म्हणजे बचत मर्यादितच. उलट रस्त्यासाठी वा धरणासाठी सरकार जमीन घेऊ लागले, की २०१३ च्या कायद्याप्रमाणे बाजारभाव ठरतो तो गाइडलाइन आणि मागील तीन वर्षांतील आसपासच्या खरेदीखतांपैकी चढ्या निम्म्यांची सरासरी, यांत जे अधिक असेल त्यावर. आपण खतात किंमत चोरतो ती अखेर शेजाऱ्याच्या मोबदल्यातून जाते, आणि पुढच्या वेळी शेजारी आपण असतो.

गावातील जुन्या घराविषयी तीन पत्रे आहेत. त्या घरांना आजवर कागदच नव्हता. पांढरीतली जागा वहिवाटीने चालत आली. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या 'स्वामित्व' योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन घरांचे अधिकार-अभिलेख देण्यात येऊ लागले. आपल्या घराची नोंद कोणाच्या नावे झाली, हे बाहेरगावच्या वाचकांनी स्वतः येऊन पाहावे. किल्ली ज्याच्याकडे, त्याचे नाव, असेही होऊन बसते. मालगुजारी १९५१ साली गेली तेव्हापासूनचे कागद ज्यांच्या पेटीत असतील, त्यांनी येताना पेटी घेऊन यावे. निवडून आणू नये, सगळीच आणावी. आणि शक्य झाल्यास बहिणीला बरोबर आणावे. तिगावला गाडी फार वेळ थांबत नाही, तेव्हा सामान आधी दाराशी काढून ठेवावे.