‘समजलं ना?’ विचारू नका

मागच्या अंकात पासवर्डच्या कटकटीबद्दल लिहिलं होतं. या वेळी घरातलीच गोष्ट सांगतो.

माझा आतेभाऊ उधन्यात साड्यांच्या पॅकिंगचं काम करतो. वय चौतीस. घडी इतकी सुबक घालतो की शेठ नव्या पोरांना त्याच्या शेजारी बसवतात. दादाला बौद्धिक अपंगत्व आहे. वाचता थोडंच येतं, नवी गोष्ट समजायला वेळ लागतो. पण टपरीवर सगळे चहाचे पैसे मोबाईलने देतात, तसे त्यालाही द्यायचे असतात. पगार त्याचा स्वतःचा आहे.

मी सॉफ्टवेअर तपासायच्या कामात आहे. आमच्याकडे पैसे पाठवायच्या एका ॲपची चाचणी होती. माणसांना ॲप हातात द्यायचं आणि ती कुठे अडतात ते बघायचं. म्हटलं, दादालाही बोलवू. आणि पहिल्याच दिवशी मी सगळं बिघडवलं.

काचेची थंडगार खोली, कॅमेरा, समोर तीन अनोळखी माणसं, शेजारी आत्या. “दादा, समजलं ना?” “हो.” “सोपं आहे ना?” “हो.” “अवघड वाटतंय का?” तरीही “हो.” बोट स्क्रीनवर, नजर आत्याकडे. शेवटी आत्यानेच बटण दाबून दिलं आणि आमच्या कागदावर ‘काम पूर्ण’ अशी खूण झाली. परत जाताना रिक्षात त्याने आत्याला विचारलं, “मी नापास झालो का?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. लहानपणापासून या माणसाच्या परीक्षाच झाल्या. शाळेत, दवाखान्यात, प्रमाणपत्रासाठी. त्यात माझी एक भर.

विशेष शाळेत शिकवणाऱ्या एका ताईंना भेटलो. त्या म्हणाल्या, आधी तुझा तो ‘ना’ सोड. खरंच, आपल्या मराठीतला हा ‘ना’ फार लबाड. उत्तर आधीच ठरवून टाकतो. समोरच्याला खूश ठेवायची सवय लागलेला माणूस त्याला ‘हो’च म्हणणार. विचारण्यापेक्षा ‘करून दाखव’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला सगळ्यात जड गेलं.

दुसऱ्या वेळी मी एकटाच त्यांच्या घरी गेलो, रविवारी, त्याचा चहा झाल्यावर. काय काय होणार त्याचे फोटो दोन दिवस आधी दाखवले होते. फोन त्याचाच, पैसे खोटे, वेळ वीस मिनिटं. हाताशी एक लाल कार्ड ठेवलं. ते उचललं की काम बंद, कारण सांगायची गरज नाही. आत्या स्वयंपाकघरात, दार उघडं. सुरुवातीलाच सांगितलं, “ॲपमध्ये चुका आहेत. त्या शोधायला तू मदत कर.”

त्याने सगळ्यात आधी लाल कार्ड उचललं. खरंच थांबतो का ते बघत होता. मी थांबलो. मग तो हसला आणि कामाला लागला.

दोन चुका सापडल्या. ‘पुढे’ आणि ‘रद्द’ ही बटणं एकाच रंगाची होती. पैसे गेल्याचा संदेश त्याचं वाचून होण्याआधीच गायब व्हायचा, म्हणून तो पुन्हा पैसे पाठवायचा. आता सांगा, आपल्या आजोबांचं वेगळं काय होतं?

वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने 2021 मध्ये, समजायला वा लक्षात ठेवायला अडचण येणाऱ्यांसाठी ॲप आणि वेबसाइट कशा कराव्यात याची मार्गदर्शिका काढली. अशा लोकांना चाचणीत सामील करा, असं तीही सांगते. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं सहावं कलम सांगतं की संशोधनासाठी त्या व्यक्तीची स्वतःची संमती हवी, तीही तिला समजेल अशा पद्धतीने घेतलेली. ॲपची चाचणी त्यात मोडते की नाही हे वकिलांनी ठरवावं. मला लाज याची वाटली की पहिल्या वेळी मी सही आत्याची घेतली होती आणि दादाला विचारलंच नव्हतं.

बाकीच्यांना दिलं तेवढंच मानधन त्यालाही दिलं. आत्या म्हणाली, “अरे, त्याला कशाला? माझ्याकडे दे.” दादाने पाकीट शर्टाच्या खिशात घातलं, वर हात ठेवला आणि मला विचारलं, “पुढच्या रविवारी आहे का?”