बिटकॉइनची वही आणि आपले ऊसबिल



लागणीच्या नोंदी घेत गावोगाव फिरताना हल्ली बेणे, ठिबक यांच्या जोडीने आम्हाला एक प्रश्न हटकून विचारला जातो : "साहेब, ते बिटकॉइन काय असतंय?" पोरांच्या मोबाईलवर ते आलेच आहे, शिवाय ऊसबिल जमा झाले की ते घ्या म्हणून सांगणारेही दारात येतात. आमचे खाते उसाचे. पण विचारलेच आहे तर समजले तेवढे सांगतो.

बिटकॉइन हातात धरता येत नाही. ती वहीतली नोंद आहे. यात नवल नाही, आपले शेअर्सही कारखान्याच्या रजिस्टरातली नोंदच आहेत. फरक आहे तो वहीचा. आपले रजिस्टर एका ठिकाणी असते. कारकून लिहितो, ऑडिटर तपासतो. बिटकॉइनची वही जगभरातल्या हजारो संगणकांवर एकसारखी ठेवलेली असते. समजा, वजनकाट्याची प्रत्येक पावती गावातल्या घरोघरी लिहून ठेवली, तर एकट्याने खाडाखोड करून काय साधणार? बाकीच्यांच्या वह्या त्याला खोटा पाडतील. एकेक पान भरले की ते मागच्या पानाला जोडतात, म्हणून या वहीला ब्लॉकचेन म्हणतात. पान जोडण्यासाठी संगणकांची एक आकडा शोधण्याची चढाओढ चालते. त्यात वीज बेसुमार जळते, आणि ज्याला आकडा सापडेल त्याला नवी बिटकॉइन मिळतात. एकूण २ कोटी १० लाखांच्या वर ती निघायची नाहीत, असा नियम आहे. २००८ साली सातोशी नाकामोतो या नावाने कोणीतरी ही कल्पना मांडली व जानेवारी २००९ मध्ये वही सुरू झाली.

वहीची रचना हुशारीची आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण कारखान्यात पावती हरवली तर डुप्लिकेट मागता येते, वजनावर काट्यापाशी भांडता येते, वार्षिक सभेत चेअरमनसाहेबांना जाब विचारता येतो. बिटकॉइनला चेअरमन नाही. खात्याची गुप्त किल्ली, म्हणजे एक लांबलचक आकडा, तुम्ही स्वतःकडे ठेवलात आणि हरवलात तर पैसे गेलेच. भावाचे म्हणाल, तर नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनला सुमारे ६९ हजार डॉलर होते, वर्षभरात ते १६ हजारांवर आले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये लाखाच्या वर गेले. उसाला निदान एफआरपीचा आधार असतो.

खरी भीती दारात येणाऱ्यांची. गेनबिटकॉइन योजनेत महिन्याला १० टक्के, तेही १८ महिने, असा वायदा होता. २०१८ साली पुणे पोलिसांनी तिच्या म्होरक्याला पकडले. बिटकॉइनच्या वहीत व्याजाचा रकानाच नाही. मग ठराविक टक्के येतात कुठून? बहुधा पुढच्या गिऱ्हाइकाच्या खिशातून!

आणखी एक. शेती उत्पन्नावर आयकर नाही म्हणून यावरही नसेल, असे समजू नये. १ एप्रिल २०२२ पासून यातील नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि तोटा झाला तर तो दुसऱ्या कुठल्या नफ्यातून वजा करता येत नाही.

कोणी असला कागद घेऊन आला तर सही करण्याआधी तो गट ऑफिसात आणून दाखवा. बाजाराच्या दिवशी आम्ही तिथेच असतो.