व्यापारी विद्यालयांचे सल्लागार: शोभेचे की कामाचे?

व्यवस्थापनाचे शिक्षण देणाऱ्या एखाद्या विद्यालयाचे माहितीपत्रक हाती घेतले, तर त्याच्या पहिल्या दोनचार पानांत सल्लागार मंडळाची यादी हटकून आढळते. कोणी बँकेचे अध्यक्ष, कोणी औषधांच्या कारखान्याचे प्रमुख, कोणी संगणक कंपनीचे संचालक, कोणी निवृत्त सनदी अधिकारी, अशी वजनदार नावे छायाचित्रांसह तेथे ओळीने मांडलेली असतात. मुलाच्या किंवा मुलीच्या शिक्षणासाठी लाखो रुपयांचे कर्ज काढण्यास निघालेला पालक ती यादी पाहून दिपून जातो. एवढी मोठी माणसे पाठीशी असता आपल्या अपत्याचे अकल्याण कसे होईल, असे मनाशी म्हणतो आणि कर्जाच्या कागदावर सही करतो. या थोर गृहस्थांपैकी कितीजण गेल्या वर्षात त्या विद्यालयाची पायरी चढले, त्यांनी कोणता सल्ला दिला, आणि दिलेल्यापैकी कोणता अमलात आला, हे तीन प्रश्न मात्र तो विचारीत नाही. विचारले तरी त्यांची उत्तरे देणारे पान त्या पत्रकात बहुधा छापलेले नसते. आमचा आजचा लेख त्या न छापलेल्या पानाविषयी आहे.

प्रथमच स्पष्ट सांगितले पाहिजे की, विद्यालय आणि उद्योगधंदे यांचा संबंध असू नये, असे आमचे मत नाही. रुग्णालयावाचून वैद्यक शिकवता येत नाही, तसाच बाजारपेठेवाचून व कारखान्यावाचून व्यापारही शिकवता येत नाही. नफातोट्याचे कोष्टक फळ्यावर मांडता येईल. पण कच्चा माल वेळेवर आला नाही, गिऱ्हाइकाने पैसे थकविले आणि कामगार संपाच्या तयारीत आहेत, अशा दिवशी मालकाने काय करावे, हे फळ्यावरून कळत नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने १९०८ साली आपले व्यापारी विद्यालय काढले, तेव्हा तेथील चालकांपुढे हीच अडचण उभी राहिली. त्यावर आर्च शॉ या प्रकाशकाच्या साह्याने त्यांनी १९११ च्या सुमारास एक साधा मार्ग काढला. व्यापाऱ्याने वर्गात येऊन आपल्या धंद्यातील एक खरीखुरी अडचण मांडावी, विद्यार्थ्यांनी तिच्यावर आपला उपाय लिहून आणावा, आणि पुढच्या खेपेस त्याच व्यापाऱ्याने तो उपाय सर्वांसमक्ष तपासावा. पुढे १९१९ साली डीन झालेल्या वॉलेस डोनम यांच्या अमदानीत या बीजाचा वृक्ष झाला आणि उदाहरणांवरून शिकविण्याची ही पद्धत जगभर पसरली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, तो व्यापारी हारतुरे घेण्यासाठी आलेला नव्हता. आपल्याला न सुटलेला प्रश्न घेऊन तो आला होता, आणि विद्यार्थ्यांकडून चार खडे बोल ऐकण्याची त्याची तयारी होती. असा संबंध जेथे असेल तेथे आम्ही त्याचे मनापासून स्वागत करू.

परंतु धनिकाचा हात विद्येच्या खांद्यावर पडला की तो नेहमी आधारासाठीच पडतो, असे नाही. अमेरिकेतच १८८१ साली जोसेफ व्हार्टन या धातूंच्या कारखानदाराने पेनसिल्व्हानिया विद्यापीठास एक लक्ष डॉलर देऊन व्यापारी शिक्षणाचे पहिले मोठे विद्यालय स्थापन करविले. देणगी उदार होती, यात शंका नाही; पण तिच्याबरोबर संरक्षक जकातीच्या तत्त्वाचा पुरस्कार तेथे शिकविला जावा, ही दात्याची इच्छाही आली होती. संरक्षक जकात वाईटच असे आम्ही म्हणत नाही. देशी धंद्यांना सरकारने हात दिला पाहिजे, हे आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे यांनीही हिरिरीने प्रतिपादिले आहे. पण रानडे त्या निष्कर्षाप्रत अभ्यासाने आले. व्हार्टनच्या विद्यालयातील अध्यापकास तो देणगीबरोबर बांधून मिळाला. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण वर्गात शिरली की शिक्षण संपते आणि जाहिरात सुरू होते.

आमच्या प्रांतासही हा प्रश्न नवा नाही. मुंबईत १९१३ साली सिडनहॅम कॉलेज निघाले. तेथे १९१८ साली अर्थशास्त्राचे अध्यापक म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची नेमणूक झाली. अर्थशास्त्राचा असा पंडित कोणत्याही पेढीच्या शिफारशीने मिळत नसतो, विद्वत्तेची पारख करणाऱ्या संस्थेसच तो मिळतो, हे येथे नमूद केले पाहिजे. १९६५ साली मुंबई विद्यापीठात जमनालाल बजाज यांच्या नावाची व्यवस्थापन संस्था सुरू झाली, आणि धंद्यात मुरलेल्या माणसांनी संध्याकाळी येऊन शिकवावे, ही प्रथा तेथे चांगली रुजली. त्याही आधी पुण्यास डेक्कन एज्युकेशन सोसायटीत, आजीव सदस्यांनी बाहेरची कामे व बाहेरची कमाई करावी की नाही, यावर कडाक्याचा वाद झाला. १८९० साली लोकमान्य टिळक सोसायटीतून बाहेर पडले, त्यामागील कारणांत हा वाद होता. त्या वादात कोणाची बाजू किती खरी होती, हे आज उकरून काढण्याचे कारण नाही. पण अध्यापकाचा वेळ कोणाचा, या प्रश्नावर त्या पिढीची माणसे जिवाभावाचे सहकारी सोडण्यास तयार झाली, आणि आज तोच प्रश्न कोणी उच्चारीतही नाही, हा फरक विचार करण्याजोगा आहे.

हा संबंध नीट कसा जोडावा, याचे उदाहरणही आपल्या देशातच आहे. अहमदाबादची व्यवस्थापन संस्था १९६१ साली स्थापन झाली, तेव्हा केंद्र सरकार, गुजरात सरकार आणि तेथील उद्योगपती अशा तिघांनी तिचा भार उचलला. डॉ. विक्रम साराभाई आणि गिरणीमालक कस्तुरभाई लालभाई हे तिचे खरे पोशिंदे, आणि हार्वर्डचे साह्य आरंभीच्या वर्षांत तिला लाभले. १९६५ साली रवी मथाई पूर्णवेळ संचालक झाले. ते स्वतः उद्योगधंद्यातून आलेले होते. तथापि अभ्यासक्रम काय असावा आणि कोणास शिकविण्यास घ्यावे, हे अध्यापकांनीच ठरवावे, यावर त्यांचा कटाक्ष होता. १९७२ साली त्यांनी संचालकपद आपण होऊन सोडले आणि त्याच संस्थेत साधे अध्यापक म्हणून राहिले. पुढे राजस्थानातील जवाजा या अवर्षणग्रस्त भागातील विणकर व चर्मकार यांच्याबरोबर त्यांनी काम आरंभिले. व्यवस्थापनाची विद्या गिरणीमालकाच्या उपयोगी पडते, तर चर्मकाराच्या का पडू नये, हा त्यांचा प्रश्न होता. १९७९ साली आणंद येथे डॉ. व्हर्गीस कुरियन यांनी ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था काढली, ती तर दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांच्या सहकारी संघांशी नाते सांगूनच जन्मली.

या कसोटीवर आजची स्थिती लावून पाहिली तर काय दिसते? आमच्या मते तीन दोष ठळक आहेत. पहिला दोष शोभेचा. वर्षातून एकदा परिषद भरवावयाची, तीत उद्योगपतींनी यशाची गुपिते सांगावयाची, विद्यार्थ्यांनी टाळ्या पिटावयाच्या आणि छायाचित्रे काढून मंडळी पांगावयाची, यालाच उद्योगजगताशी संबंध म्हणण्याची रीत पडली आहे. यश कसे मिळाले हे सांगणारे वक्ते पुष्कळ. आपला कारखाना का बुडाला हे सांगणारा एकही बोलावला जात नाही. वास्तविक शिकण्यासारखे त्याच्याजवळ अधिक असते.

दुसरा दोष नोकरीबाजाराचा. सल्लागार हा उद्याचा नोकऱ्या देणारा म्हणूनच मोजला जातो. अशा स्थितीत त्याच्या कंपनीवर टीका करणारे उदाहरण वर्गात घेण्यास कोणता अध्यापक धजेल? उमेदवारीच्या नावाखाली विद्यार्थ्यांना दोन महिने फुकट राबवून घेणाऱ्या कंपन्यांविषयी तक्रार करण्यासही मग कोणी पुढे येत नाही.

तिसरा दोष गुप्ततेचा. अध्यापकाने कंपन्यांना सल्ला द्यावा, त्यांच्या संचालक मंडळावर बसावे, यात वावगे काही नाही. पण ते जगाला माहीत असले पाहिजे. २००९ च्या जानेवारीत सत्यम कंपनीच्या अध्यक्षाने हिशेबातील खोटेपणाची कबुली दिली, त्यापूर्वीच्या काळात तिच्या संचालक मंडळावर व्यवस्थापनशास्त्राचे नामांकित अध्यापक बसलेले होते. त्या विद्वानांवर अप्रामाणिकपणाचा आरोप करण्याचा आमचा हेतू नाही. आम्ही एवढेच म्हणतो की, विद्वत्तेचे नाव संचालकांच्या यादीत असणे हे भागधारकांना संरक्षण नव्हे, हे त्या प्रकरणाने दाखविले. अमेरिकेत २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर अर्थशास्त्रज्ञांच्या अशाच कमाईवर टीकेची झोड उठली, आणि २०१२ साली तेथील अर्थशास्त्रज्ञांच्या संघटनेने लेखकांनी आपले हितसंबंध उघड करावे, असा नियम केला. आपल्याकडे अशी शिस्त सर्वत्र लागलेली नाही.

याहून मोठा प्रश्न आम्हास वाटतो तो हा की, उद्योगजगत म्हणजे कोण? कोल्हापूरच्या ओतशाळेचा मालक, इचलकरंजीचा यंत्रमागवाला, सांगलीच्या पेठेतील हळदीचा व्यापारी, सोलापुरात चादरी विणणारा, औद्योगिक वसाहतीत आठदहा माणसे हाताशी घेऊन सुटे भाग करणारा लघुउद्योजक, हे सारे उद्योगजगतात येत नाहीत काय? कामगार संघटनेचा अनुभवी चिटणीस, सहकारी कारखान्याचा सभासद, बचत गटाच्या व्यवहाराचा हिशेब चोख ठेवणारी स्त्री, यांना धंद्यातले काही कळत नाही काय? डॉ. धनंजयराव गाडगीळ पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते, आणि प्रवरानगरच्या शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना काढला तेव्हा त्याचे अध्यक्षपद त्यांनी पत्करले. त्या संबंधातून कारखान्यास शिस्त लाभली आणि अर्थशास्त्रास उसाच्या फडाचा वास लागला. आजच्या सल्लागार मंडळांत मात्र मोठ्या कंपन्यांखेरीज कोणास जागा नाही. लघुउद्योगांचे बिल पंचेचाळीस दिवसांच्या आत चुकते करावे, असे २००६ च्या कायद्याने सांगितले आहे. तरीही उशिरा मिळणाऱ्या पैशांनी कित्येक लहान कारखानदार टेकीस येतात. ज्या मेजाभोवती केवळ बिले थकविणारे बसले आहेत, त्या मेजावर हा विषय निघणार कसा?

कोणी म्हणेल, धनिकांना अशा अटी घातल्या तर देणग्या आटतील आणि विद्यालये बंद पडतील. हे भय आम्हास अनाठायी वाटते. ज्यास खरोखर मदत करावयाची आहे तो उजेडास भीत नाही. आणि जो केवळ अंधारातच देण्यास तयार आहे, त्याची देणगी न घेणेच लाभाचे. शिवाय आज अनेक विद्यालये चालतात ती मुख्यतः विद्यार्थ्यांच्या शुल्कावर, म्हणजे कर्ज काढणाऱ्या पालकाच्या पैशावर. खरा मोठा देणगीदार तोच आहे, आणि त्यासच कोणी हिशेब देत नाही.

म्हणून आमच्या सूचना थोडक्या आहेत. प्रत्येक विद्यालयाने सल्लागार मंडळाच्या सभांची हजेरी, दिलेला सल्ला आणि त्यावर झालेली कारवाई दरवर्षी प्रसिद्ध करावी. दोन वर्षे न फिरकणाऱ्याचे नाव यादीतून काढावे. देणगीच्या अटी आणि अध्यापकांची बाहेरची कामे उघड असावीत. मंडळातील निदान एक तृतीयांश जागा लहान उद्योजक, सहकारी संस्था, कामगार आणि स्त्रिया यांना द्याव्या. तरुण अध्यापकाने काही महिने कारखान्यात किंवा पेठेत काढावे आणि तेथील खरी अडचण वर्गात आणावी. उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थ्यास वेतन मिळालेच पाहिजे. यांतील एकाही गोष्टीस नवा कायदा लागत नाही. चालकांची इच्छा पुरे आहे.

आणि चालकांची इच्छा होत नसेल, तर पालकांनी ती करवावी. पुढील हंगामात प्रवेशाचा अर्ज घेण्यास जाताना आमच्या वाचकांनी सल्लागारांच्या छायाचित्रांवर बोट ठेवून एवढेच विचारावे की, हे गृहस्थ गेल्या वर्षी येथे कधी आले होते आणि काय म्हणाले? ज्या विद्यालयाजवळ या प्रश्नाचे लेखी उत्तर असेल, तेथेच आपल्या कष्टाचा पैसा भरावा.