मोशन ब्लर: धूसर म्हणजे चुकीचं नव्हे

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, हल्ली आपल्यातले बरेच जण ब्लेंडरसारखं मोफत सॉफ्टवेअर वापरून पाठांचे ॲनिमेशन व्हिडिओ बनवतात. त्यात चेंडू पळतो, गाडी धावते, पण बघताना झटके बसल्यासारखे वाटतात. याचं कारण साधं आहे. कॅमेऱ्याचं शटर क्षणभर उघडं असतं, तेवढ्यात चेंडू पुढे सरकतो आणि चित्रात त्याचा पट्टा उमटतो. संगणक मात्र एकाच क्षणाचं, अगदी रेखीव चित्र काढतो. म्हणून धूसरपणा मुद्दाम घालावा लागतो. हाच मोशन ब्लर. लुकासफिल्मच्या संगणक विभागाने १९८४ मध्येच आपल्या 'आंद्रे अँड वॉली बी.' या छोट्या फिल्ममध्ये तो वापरला होता.

हिशोब तर मुलांनाही जमेल. पडदा १९२० पिक्सेल रुंद आहे, चेंडू तो १ सेकंदात पार करतो आणि सेकंदाला २४ चित्रं आहेत. म्हणजे दर चित्राला ८० पिक्सेलची उडी. शटर ०.५ ठेवलं तर ४० पिक्सेलचा पट्टा दिसेल. भागाकाराचं उदाहरणच झालं की हे!

पण म्हणून मोशन ब्लरची खूण सरसकट करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दातेरी चाकांचे दात मुलांनी मोजायचे असतील तर ते धूसर करून काय उपयोग? सरकत येणाऱ्या अक्षरकार्डांचंही तेच. पहिलीतलं मूल अक्षर ओळखायला धडपडत असतं, त्याला ते पुसट दाखवू नका. शिवाय रेंडरला वेळ वाढतो, आणि आपले संगणक कसे असतात ते आपल्याला ठाऊकच आहे. भिरभिरं, पळणारा ससा, पंख्याची पाती यांना मात्र तो जरूर द्यावा. २०१८ च्या 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स'मध्ये तर कॉमिक्ससारखं दिसावं म्हणून नेहमीचा मोशन ब्लर टाळला होता. म्हणजे तिथेही विचार करूनच ठरवलं होतं.

मला खटकतं ते वेगळंच. दुसरीतलं मूल फिरता पंखा काढताना गोल गोल रेघोट्या मारतं. मग कुणीतरी विचारतं, "पाती कुठे आहेत?" आणि चित्रकलेचे गुण कापले जातात. अहो, त्याने दिसलं तेच काढलंय! जो परिणाम आणायला आपण सॉफ्टवेअरमध्ये शटरचे आकडे बदलत बसतो, तो त्याने खडूने आणला. पुढच्या वेळी वर्गात पंखा लावा, वही उघडायला सांगा आणि पाच मिनिटं काही न बोलता बघा, कोण काय काढतं ते.