कपाटे जागेवर, फरशी नवी
स्वयंपाकघरातील फरशी बदलायची तर आधी कपाटे उतरवावी लागतात, ही समजूत मॉड्युलर किचनच्या बाबतीत बहुधा अनाठायी ठरते. कारण ओट्याखालची कपाटे साधारण 100 मिलिमीटर उंचीच्या, पेचाने खालीवर होणाऱ्या प्लास्टिकच्या पायांवर उभी असतात आणि स्कर्टिंग, म्हणजे हे पाय झाकणारी समोरची पट्टी, केवळ क्लिपांवर अडकवलेली असते. ती ओढून काढली की नवी फरशी पायांच्या पहिल्या रांगेपर्यंत सरकवता येते आणि कापलेली कड पट्टीमागे दडते; मात्र जुन्या फरशीवरच नवी चिकटवल्यास जमीन सुमारे 12 ते 15 मिलिमीटरने उंचावते, म्हणून पट्टीही तेवढीच कापावी लागते. त्याआधी जुनी प्रत्येक लादी ठोकून पाहणे अगत्याचे असते, कारण पोकळ वाजणारी लादी खालच्या मसाल्यापासून सुटलेली असते आणि ती काढून खड्डा भरल्याखेरीज वरचे काम टिकत नाही. गुळगुळीत लादीवर साधा सिमेंटचा घोळ पकड घेत नाही, तेथे पॉलिमरमिश्रित टाइल अ‍ॅडहेसिव्हच हवे (त्यासाठी आयएस 15477 हे भारतीय मानक आहे). घासणाऱ्या दाराला खालून रंधा मारता येतो. पण ओट्याखाली बसवलेले डिशवॉशर उंचावलेल्या फरशीमागे अडकले, तर ग्रॅनाइट हलवल्याशिवाय ते दुरुस्तीसाठी बाहेर निघत नाही, आणि हे आधी लक्षात आणून देणारा गवंडी विरळाच. कडाप्प्याच्या उभ्या पाट्यांवर तोललेल्या जुन्या ओट्याला यातले काहीच लागू नाही. तेथे फरशी पाट्यांना भिडवून सांधा सिलिकॉनने भरला की काम भागते.