रात्री दीडला जागणारे दुपारी चारला कुठे असतात?

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर फुटबॉलचे शौकीन कमी नाहीत. मुरूड घ्या, श्रीवर्धन घ्या, म्हसळा घ्या. कुठल्याही मोहल्ल्यातल्या कट्ट्यावर बसा, रियल माद्रिदने कोणाला किती युरोला विकत घेतले याचा हिशेब तोंडपाठ असलेली चार-पाच पोरे तरी भेटतील. चॅम्पियन्स लीगचा सामना आपल्याकडे रात्री साडेबाराला, थंडीत दीडला सुरू होतो. ही पोरे जागतात. अंगात जर्सी असते, ती दुबईहून किंवा कुवेतहून मामूने पाठवलेली असते. कतारच्या २०२२ च्या विश्वचषकात अर्जेंटिना आणि फ्रान्सचा अंतिम सामना ३-३ अशा बरोबरीनंतर पेनल्टीवर गेला, तेव्हा अख्खा मोहल्ला श्वास रोखून बसला होता.

आता याच पोरांना विचारा, तुमच्या कॉलेजच्या संघाचा गोलरक्षक कोण? उत्तर येत नाही. कॉलेजला फुटबॉलचा संघ आहे हेच काहींना ठाऊक नसते.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. दोन किलोमीटरवर आपल्याच गल्लीतला मुलगा आपल्या कॉलेजसाठी खेळतो आहे आणि आपण तिथे जाऊन उभे राहत नाही, तर आपल्याला फुटबॉलचे चाहते म्हणवून घेण्याचा हक्क नाही. आपण फक्त गिऱ्हाईक आहोत. लिव्हरपूलच्या सामन्याला तुम्ही जागलात काय, झोपलात काय, तिथल्या कोणाला कळत नाही. इथे कळते. इथला लेफ्ट बॅक चेंडू बाहेर गेला की मान वर करून बघतो, कोण आले आहे. बहुतेक वेळा कोणी आलेले नसते.

किनाऱ्यावरच्या एका छोट्या कॉलेजच्या मुलांच्या संघामागे मी गेली कित्येक वर्षे फिरतो आहे. कॉलेजचे नाव सांगत नाही, कारण जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने अनेक ठिकाणी लागू पडते. नियमाप्रमाणे मैदान निदान ९० मीटर लांब लागते. इतकी सपाट जागा असली तर ती जांभ्याची, वर मुरमाची. त्यावर बुटांचे खिळे एका हंगामात झिजतात आणि पडलेल्या मुलाच्या गुडघ्याचे साल निघते. म्हणून सराव समुद्रावर, ओहोटीच्या ओल्या घट्ट वाळूवर. पण ओहोटी काही कॉलेजच्या वेळापत्रकाने येत नाही. ती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. आज चारला मिळालेले मैदान पुढच्या आठवड्यात चारला पाण्याखाली असते. मुले मग कोळ्यांना भरती-ओहोटी विचारून सरावाची वेळ ठरवतात. त्यांची ही चिकाटी पाहायला कोण येते? दोन धाकटे भाऊ, एक चहावाला आणि मी.

गोलला जाळी नसते, त्यामुळे चेंडू खांबाच्या आतून गेला की बाहेरून यावर पाच मिनिटे वाद. बदली खेळाडू आत जाताना बाहेर येणाऱ्याचे बूट मागून घेतो, माप जुळो न जुळो. स्पर्धेला जाण्यासाठी भाडे मुलांनी आपसात वर्गणी काढून भरले आणि परतावा दोन महिन्यांनी मिळाला, हेही मी पाहिले आहे. त्याच वर्षी क्रीडा दिनाच्या समारंभात पाहुण्यांच्या शाली-नारळाला आणि फ्लेक्सला पैसे कमी पडले नव्हते.

यातून मुलांच्या वाट्याला किती फुटबॉल येतो? आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सहसा बाद पद्धतीने होतात. हरला तो घरी. मुंबई विद्यापीठाचा पसारा पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आहे. सामना मुंबईत असेल, तर मुरूडहून रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास. पहाटेची एसटी पकडायची, अंग आंबवून उतरायचे, ज्यांना रोज चांगले मैदान मिळते अशा संघासमोर उभे राहायचे आणि एका सामन्यात वर्ष संपवून रात्रीच्या गाडीने परत यायचे. मग आम्ही म्हणतो, आपल्या पोरांत दम नाही!

आता लोक काय काय सांगतात ते घेऊ.

पहिला आक्षेप दर्जाचा. "सर, ते काय फुटबॉल आहे? नुसती लाथाळी." माझा उलट प्रश्न आहे. भात कापल्यावर मळ्यात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा भरतात, तिथे काय वानखेडेचा दर्जा असतो? तरी लाऊडस्पीकर असतो, धावते समालोचन असते, बांधावर शेकडो माणसे असतात. तिथे कोणी दर्जा विचारत नाही, कारण खेळणारा आपल्या वाडीचा असतो. आणि तिथला दर्जा वाढलाच असेल तर तो बांधावरच्या गर्दीमुळे वाढला आहे. कोणी बघत नसताना सुधारणारा संघ मी तरी पाहिलेला नाही.

दुसरा आक्षेप तालीमचा. "खेळून पोट भरते का? अभ्यास करा." मी शिक्षक आहे, अभ्यासाची किंमत मला शिकवू नका. बारावीनंतर कॉलेजात नाव घालून दिवाळीपर्यंत गायब होणारी, पासपोर्टची वाट बघत बसणारी मुले आम्ही रोज पाहतो. त्यांना वर्गात बांधून ठेवणारे जे थोडे धागे उरले आहेत, त्यात संघ हा एक आहे. संघात राहायचे तर प्रवेश चालू ठेवावा लागतो, परीक्षेला बसावे लागते. शिवाय राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी वरच्या पातळीवरचे यश लागते हे खरे. पण पहिली पायरी कॉलेजच्या मैदानातच आहे, आणि ही माहितीसुद्धा आपल्या किती घरांत पोहोचली आहे?

तिसरा आक्षेप दीनदार मंडळींचा. नमाज चुकते, मगरिब होते, रमजानमध्ये कसे खेळणार, चड्डी गुडघ्यावर जाते. हे प्रश्न टिंगल करण्यासारखे नाहीत, पण सुटण्यासारखे नक्की आहेत. गुडघा झाकणारी चड्डी बाजारात मिळते. सामना असरनंतर ठेवून मगरिबच्या आत संपवता येतो. २०२१ च्या रमजानमध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस यांचा सामना चालू असताना सूर्य मावळला. गोलकिकच्या वेळी खेळ क्षणभर थांबला आणि वेस्ली फोफाना व शेखू कुयाते या दोघांनी रोजा सोडला. लेस्टरमध्ये जमते ते श्रीवर्धनमध्ये जमणार नाही? आणि ज्या नबींनी स्वतः हजरत आयेशांबरोबर धावण्याची शर्यत लावली, त्यांच्या उम्मतीने तरुणांच्या धावण्याकडे कपाळाला आठ्या घालून बघू नये.

चौथा आक्षेप सर्वांत लाडका. "फुटबॉल आपला खेळ नाही, कोकणचा खेळ कबड्डी आणि क्रिकेट." इथे मला दोन उदाहरणे द्यायची आहेत, एक माणसाचे, एक जिल्ह्याचे.

माणूस म्हणजे सय्यद अब्दुल रहीम. 'मैदान' सिनेमा २०२४ मध्ये आला तेव्हा आपल्या पोरांना हे नाव कळले, तेही अजय देवगणमुळे. रहीमसाहेब हैदराबादचे. शिकले उस्मानिया विद्यापीठात, जिथे त्या काळी शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. तिथेच फुटबॉल खेळले आणि पुढे शाळामास्तर झाले. हा मास्तर हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाला शिकवू लागला आणि त्या संघाने मुंबईचा रोव्हर्स कप १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा नेला. याच मास्तराच्या हाताखाली भारताने १९५१ ला दिल्लीत इराणला १-० ने आणि १९६२ ला जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून आशियाई सुवर्णपदके जिंकली. मधे १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. जकार्ताच्या यशानंतर वर्षभरात, १९६३ मध्ये, कर्करोगाने ते गेले. मुले दोन्ही पायांनी खेळावीत म्हणून फक्त कमजोर पायाने खेळायच्या स्पर्धा घेणारा हा माणूस आधी शिक्षक होता, मग प्रशिक्षक. उर्दू माध्यम, कॉलेजचा संघ, मास्तरकी. यातली कुठली गोष्ट आपल्या किनाऱ्यावर नाही?

जिल्हा म्हणजे केरळचा मलप्पुरम. तिथेही हाच अरबी समुद्र, हाच जांभा, हाच पाऊस. तिथल्याही घराघरातला एक माणूस आखातात. फरक एवढाच की तिथे भाताची कापणी झाली की शेतात सात-सात जणांचे सेव्हन्स फुटबॉल सुरू होते, बांबूच्या गॅलऱ्या उभ्या राहतात आणि माणसे तिकीट काढून बघतात. २०२२ ची संतोष ट्रॉफी मलप्पुरम जिल्ह्यात झाली, ती पुरी रमजानमध्ये. तरावीहच्या महिन्यात रात्रीच्या सामन्यांना स्टेडियम भरत होते. उपान्त्य सामन्यात बदली म्हणून उतरलेल्या जेसिनने कर्नाटकावर पाच गोल केले. २ मे रोजी, ईदच्या आदल्या रात्री, हजारोंच्या साक्षीने केरळने पश्चिम बंगालला पेनल्टीवर हरवून ट्रॉफी घेतली. तिथे लोकांनी दीन सोडला नाही, शिक्षण सोडले नाही, आखात सोडले नाही. फुटबॉलला फक्त आपले मानले आणि त्यासाठी बांधावर येऊन बसले.

मग आपण काय करायचे? माझी मागणी कोट्यवधींच्या स्टेडियमची नाही.

पहिली गोष्ट, आपली स्वतःची लीग. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, रोहा, अलिबाग, उरण अशा सहा ठिकाणची एकेक कॉलेज घ्या. बाद पद्धतीने सहा संघांत एकूण पाच सामने होतात आणि निम्मे संघ एकेकच सामना हरून घरी जातात. तेच सहा संघ एकमेकांशी घरी एकदा, बाहेर एकदा खेळले तर ३० सामने होतात आणि प्रत्येक संघाला दहा सामने मिळतात. त्यातले पाच आपल्या गावात, आपल्या माणसांसमोर. आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरले की श्रीवर्धन काही लांब नाही. शनिवारी जाऊन रात्री घरी येता येते.

दुसरी गोष्ट संस्थाचालकांसाठी. प्रवासाचे पैसे मुलांच्या हातात आधी द्या. दोन जाळ्या, सहा चेंडू, प्रथमोपचाराची पेटी आणि कोणाच्या तरी पगारात बसणारा एक प्रशिक्षक, एवढे झाले तरी पुष्कळ. फ्लेक्स एक वर्ष लावू नका.

तिसरी गोष्ट जमातीसाठी आणि परदेशातल्या भावांसाठी. तुम्ही मशिदीला देता, मदरशाला देता, आजाऱ्याला देता, अल्लाह कबूल करो. पुतण्याला मेस्सीच्या नावाची जर्सी पाठवता, तेव्हा कॉलेजच्या अकरा जणांसाठी अकरा जोडी बूट पाठवा. आणि ते कोणाला कुठल्या मापाचे लागतात हे आधी फोन करून विचारा.

चौथी गोष्ट माझ्या पेशाच्या माणसांसाठी. सामन्याच्या दिवशी खेळाडूची गैरहजेरी लावण्यात बहादुरी नाही. बुडालेला धडा संध्याकाळी शिकवता येतो. रहीमसाहेब आपल्याच बिरादरीतले होते.

मुलींच्या संघाचा प्रश्न याहून मोठा आणि याहून लाजिरवाणा आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि तो लेख मी लिहिणार आहे.

शेवटचे सांगणे पोरांना. जागा, खुशाल जागा, मीही कधी कधी जागतो. चांगला फुटबॉल बघण्यात गुन्हा नाही. पण पाऊस ओसरला की तुमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागेल, त्यावर सामन्याची तारीख आणि वेळ असेल. त्या दिवशी चार मित्रांना घेऊन जा. हरले तर शिव्या देऊ नका, जिंकले तर सेल्फी काढून पळू नका. शिट्टी वाजेपर्यंत थांबा, खेळाडूंची नावे पाठ करा आणि पुढच्या सामन्यालाही या. पन्नास माणसे बांधावर आली तर संस्थाचालक आपोआप जाळी आणतील, कारण त्यांना मुलांची भीती नसली तरी गावाची असते.